रहस्यकथा आणि अपरिचित शेजारी

रहस्यकथेला खून लागतो, त्याचा छडा लावणारा गुप्तहेर लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या दोहोंइतकीच तिला गरज असते ती संशयिताची. वाचकाचा संशय सहज जाऊन बसेल असा कोणीतरी माणूस लेखकाला हवा असतो. तो मिळविण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे ज्यांच्या चालीरीती वाचकाला अपरिचित आहेत, अशा लोकांच्या दारात त्याला नेऊन उभे करणे. इंग्रजी रहस्यकथेत ही भूमिका मॉर्मन पंथाच्या वाट्याला वारंवार आली. तिचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हा पंथ आपणांस वाटतो तितका दूरचा नाही. भारतातील त्याचे पहिले मंदिर बंगळूर येथे बांधण्याचे २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले आणि २ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या कामास प्रारंभ झाला. त्याच्याही पुष्कळ आधी, १८५२ साली, ह्यू फिंडले नावाचा या पंथाचा उपदेशक मुंबईस उतरला होता आणि पुढे त्याने पुण्यातही प्रचार केला होता. शहाजीराजांच्या जहागिरीचे बंगळूर काय किंवा पेशव्यांचे पुणे काय, दोन्ही ठिकाणी हे लोक येऊन गेले. पण आपल्या वाचकाला ते भेटले ते बहुधा शेरलॉक होम्सच्या पुस्तकातूनच.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत हा पंथ स्थापिला. १८४४ साली एका जमावाने त्यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांचा पहिला जथा १८४७ मध्ये पश्चिमेकडील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसला. तेथे त्यांच्यांत बहुपत्नीकत्वाची चाल होती. ती सोडण्याचे पंथाने १८९० साली जाहीर केले. वाळवंटापलीकडची वस्ती, निराळा धर्मग्रंथ आणि अनेक बायकांचा संसार! कादंबरीकाराला आणखी काय हवे?

आर्थर कॉनन डॉयल यांची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली. होम्सचा वाचकांशी पहिला परिचय तिच्यातच झाला. लंडनमध्ये दोन खून होतात. त्यांचे मूळ सापडते ते युटाच्या मॉर्मन वस्तीत. तेथे एका मुलीवर सक्तीने विवाह लादला जातो, तिच्या मानलेल्या पित्याचा बळी जातो आणि तिचा प्रियकर सूड घेण्यासाठी जन्मभर वणवण करतो. डॉयल यांनी तोपर्यंत युटा पाहिलेही नव्हते. पुढे १९२३ साली ते सॉल्ट लेक शहरी गेले, तेव्हा त्याच लोकांनी आपले प्रमुख सभागृह त्यांच्या व्याख्यानासाठी खुले केले आणि हजारोंच्या संख्येने ते ऐकले. कादंबरी मात्र जशीच्या तशी छापली जात राहिली.

येथे एक गोष्ट नाकारून चालणार नाही. डॉयल यांचे चित्र सर्वस्वी हवेतले नव्हते. १८५७ साली माउंटन मेडोज येथे मॉर्मन सशस्त्र दलाने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली, हा इतिहास आहे. तो सांगितलाच पाहिजे. परंतु काही माणसांचे कृत्य सांगणे निराळे आणि त्या कृत्यावरून सगळ्या समाजाचा स्वभाव ठरविणे निराळे. न्यायासनापुढे ही तफावत पाळली जाते. रहस्यकथेत ती पाळण्याची कोणाला आठवण राहत नाही.

आपल्याला याची झळ ठाऊक नाही असे थोडेच आहे? त्याच डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्ऱ्याच्या किल्ल्यातील शीख शिपायाचे नाव आहे महोमेट सिंग! मुसलमान आणि शीख यांची अशी मोट बांधली म्हणून इंग्रज वाचकाचे काही अडले नाही. त्याला फक्त दूरदेशीचा भयंकर माणूस हवा होता. आणि ही खोड केवळ पुस्तकांपुरतीच राहिली असती तरी एक वेळ चालले असते. १८७१ च्या कायद्याने या देशातील जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. त्या घरात जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित झाले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण वस्तीत चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे वळणारी नजर काही कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

मग रहस्यकथेने अपरिचित समाजाकडे पाहूच नये काय? तसे नव्हे. मेटी आयव्ही हॅरिसन या मॉर्मन परंपरेतील लेखिकेची ‘द बिशप्स वाइफ’ ही कादंबरी २०१४ साली आली. या पंथात बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. आपला चरितार्थाचा उद्योग सांभाळून तो स्थानिक मंडळीची सेवा करतो. अशा एका बिशपची पत्नी लिंडा हीच येथे शोध घेते. मंडळीतील एक तरुण विवाहिता नाहीशी होते आणि संशय तिच्या पतीवर जातो. येथेही गुन्हा आहे, दडपलेली दुःखे आहेत, पुरुषांच्या अधिकाराबद्दल परखड प्रश्न आहेत. परंतु येथे शेजारी एकमेकांच्या दुःखात धावून जाणारेही आहेत. दोषी आणि निर्दोष दोघेही त्याच पंथाचे, एकाच प्रार्थनागृहात बसणारे. त्यामुळे पंथाच्या नावावरून कोणताच उलगडा होत नाही. लिंडाला माणसेच पारखावी लागतात, आणि वाचकालाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयावर पोसलेला मराठी वाचक संशय घेण्यात कोणाला हार जाणार नाही, आणि त्याने जाऊही नये. मात्र, श्रोतेहो, यापुढे एखादी रहस्यकथा वाचताना पहिल्या दहा पानांतच आपला संशय कोणावर बसला तर क्षणभर थांबावे. त्या माणसाविरुद्ध हाती काही पुरावा आला आहे, की त्याचे नाव, वेश आणि देवघर आपल्याहून निराळे आहे एवढेच, हे स्वतःला विचारावे. पुस्तकात चूक झाली तर शेवटच्या प्रकरणात ती दुरुस्त होते. आपल्या गल्लीत असे शेवटचे प्रकरण लिहायला कोणी येत नाही.