धर्मादाय खाटा व आपले कर्तव्य



गतवर्षी आमच्या कनिष्ठ बंधूंच्या शस्त्रक्रियेपायी भावजयीचे दागिने गहाण पडले. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखीव असतात, हे आम्हांस बिल चुकते केल्यावर कळले! अडतीस वर्षे मुलांस शिकविले, परंतु एवढी गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती, याची खंत वाटते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० व ३,६०,००० रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन प्रथम रुग्णालयातील समाजसेवकास भेटावे. रुग्ण अत्यवस्थ असल्यास अनामत रकमेसाठी त्यास अडविता येत नाही. दाद न मिळाल्यास नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी.

कित्येकांस मागण्याचा संकोच वाटतो. परंतु धर्मादाय म्हणून या संस्थांस ज्या सवलती मिळतात, त्यांपोटीच हे दायित्व त्यांजवर आले आहे. तेव्हा दुखणे येण्यापूर्वीच प्रत्येक गरजू घराने दाखला काढून ठेवावा, अशी हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.