राक्षस बदलतात, मुलं खेळतच राहतात

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा निधी कशासाठी आहे हे आपण जाणताच. गावाकडच्या शाळांना गोष्टींच्या पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या आहेत. पेटीत काय घालायचं याची यादी फिरली आणि दोन सूचना आल्या. पहिली, भुताखेतांची, राक्षसांची पुस्तकं काढून टाकावीत. दुसरी आपल्या घरातली. आपली मोठी मुलं शुक्रवारी दुपारी जमून फासे टाकत जो खेळ खेळतात, त्यात म्हणे सैतान आहेत, मुडदे आहेत, तर तोही बंद करावा. दोन्ही सूचना काळजीपोटी आलेल्या आहेत, तेव्हा हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

आधी खेळ काय तो सांगते. त्याचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी तो काढला. एक जण सूत्रधार होतो, तो जग सांगतो, प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. संहिता नसते. फासे ठरवतात की वार लागला की हुकला.

कोकणातल्या मंडळींना यात ओळखीचं काही दिसलं का? दशावतार! तिथंही लिहिलेलं नाटक नसतं. आख्यान ठरतं, कोण देव, कोण राक्षस ते ठरतं, आणि तोंडाला रंग लावून नट रात्रभर आपल्या मनाने संवाद बोलतात. फरक इतकाच की तिथं पेटी, मृदंग आणि झांज असते, इथं फासे आणि वेफर्सची पाकिटं.

आता त्या दशावतारातला संकासुर आठवा. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा असुर. काळा पोशाख, लांब लाल जीभ. लहान मुलं आईच्या पदराआड लपायची. पण तो तोंड उघडायचा तो अस्सल मालवणीत, आणि प्रेक्षक हसून हसून लोळायचे! कथेतला चोर राक्षस रंगमंचावर विनोदी पात्र झाला. भीती गेली नाही, पण लोकांनी तिला माणसाळवलं. पुढं बहुतेक प्रयोगांत त्याचा हा आरंभीचा भाग आखडत गेला, काही ठिकाणी गळलाच, आणि आज ‘ट्रिकसीन’च्या नाटकांत धूर, प्रकाश आणि हवेत उडणारे राक्षस आले. अंधार तोच, पण प्रत्येक पिढीनं त्याला वेगळे कपडे शिवले.

त्या इंग्रजी खेळाचंही असंच झालं. 1980 च्या दशकात अमेरिकेत मोठी ओरड झाली. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, आत्महत्येकडे ढकलतो, असं म्हणत 1983 साली पालकांची एक संघटनाच उभी राहिली. 1989 मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कंपनीनं सैतान आणि दैत्य पुस्तकातून काढून टाकले. पण झालं काय? दोनच वर्षांत तीच मंडळी नवी, उच्चारायला अवघड नावं धारण करून परत आली. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावंसुद्धा परतली. म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच.

गंमत पुढे आहे. ज्या काळात सैतानाचं नाव पुसलं जात होतं, त्याच काळात खरा काळोख दुसऱ्या दारानं आत येत होता. 1991 च्या ‘डार्क सन’ या जगात सैतानाची गरजच उरली नाही. ते वाळवंटी जग आहे. पाणी दुर्मिळ, लोखंड दुर्मिळ, माणसं गुलाम म्हणून विकली जातात, आणि जादूगारानं मंत्र टाकला की आजूबाजूची झाडं वाळून राख होतात. इथं तबूकच्या उन्हात राहणाऱ्यांना पाण्याची किंमत मी काय सांगावी! पण बघा, त्या जगाचा नाश कुणी शिंगवाल्यानं केलेला नाही. माणसाच्या हावेनं केलेला आहे.

आपल्या मराठीतही काळोखाचा प्रवास ह्याच वाटेनं झाला. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांत संकट बाहेरून यायचं आणि समर्थ त्याचा बंदोबस्त करायचे. वाचून झालं की दिवा मालवून झोपता यायचं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत ते आपल्याच चाळीत, आपल्याच घरात, कधी आपल्याच मनात येऊन बसलं. 2018 साली आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हिंदीत असला तरी माती कोकणातली. त्यातला हस्तर भयंकर आहेच, पण त्याच्या तोंडी पुन्हा पुन्हा कोण जातं? सोन्याच्या नाण्यांसाठी हपापलेला माणूस. आणि 2025 मध्ये आला ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकरांनी त्यात एक म्हातारा दशावतारी रंगवला आणि राक्षस झाली ती कोकणची भूमी पोखरायला निघालेली खाण. हेच प्रभावळकर एके काळी मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मध्ये चिंची चेटकीण होऊन मुलांना घाबरवत आणि हसवत होते. एका नटाच्या आयुष्यात चेटकिणीपासून खाणीपर्यंतचा पल्ला!

तेव्हा ‘गोष्टीत अंधार असावा का’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. तो असणारच. विचारायचं ते हे, की त्या अंधाराला कुणाचा चेहरा दिलाय?

इथं मात्र सावध राहायला हवं. रंगमंचावरच्या चिंचीला आपण हसतो. पण आपल्याच महाराष्ट्रात डाकीण म्हणून बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. गोष्टीतला राक्षस जेव्हा शेजारच्या खऱ्या माणसावर चिकटवला जातो, तेव्हा तो खेळ राहत नाही.

ह्या खेळानंही हाच धडा गिरवला. एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट, दिसली की मारा, असं त्यात वर्षानुवर्षं होतं. ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाच्या भयकथेच्या जगात एक भटकी जमात होती, ती युरोपातल्या रोमा लोकांची वाईट नक्कल वाटावी अशी. टीका झाली आणि 2020 मध्ये कंपनीनं हे बदलायचं जाहीर केलं. 2024 च्या पुस्तकात तर पूर्वी ज्यांना फक्त कापून काढायचं, ते ऑर्क खेळाडूंना आपलं पात्र म्हणून घेता येतात. रक्तपिपासू उमराव आहेच, शापित किल्ला आहेच. पण जन्मावरून कुणाला राक्षस ठरवायचं नाही. परदेशात राहून स्वतःच्या नावावरून, रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलांना हा धडा कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

काळ कसा बदलतो ते आपल्या यजमान देशातही दिसतं. 2001 साली इथं पोकेमॉनच्या खेळांवर आणि पत्त्यांवर बंदी आली होती. 2024 मध्ये रियाधला ई-स्पोर्ट्सचा पहिला विश्वचषक झाला, आणि 2025 मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ सौदी मालकीच्या कंपनीकडे आला. चोवीस वर्षांत एवढा फेर!

मग आपण काय करायचं? बंदी घातली तर खेळ थांबत नाही, दार लावून चालू राहतो. आणि ‘खेळू दे, काय होतंय’ म्हणून पाठ फिरवली तर मूल काळोखात एकटं पडतं. दशावतार बघताना मुलं घाबरायची ती आजीच्या मांडीवर. ती मांडी महत्त्वाची. आजकाल ह्या खेळाच्या पुस्तकांतच सांगितलेलं असतं की सुरुवातीला सगळ्यांनी बसून ठरवा, कोणते विषय चालतील, कोणते नकोत, आणि कुणाला त्रास झाला तर खेळ तिथंच थांबवा. किती शहाणपणाची गोष्ट! आपल्या घरांत एवढं मोकळं बोलणं कितीदा होतं?

माझी विनंती दोन आहेत. एक, शुक्रवारच्या खेळाला दर वेळी एका पालकानं बसावं. पहारा द्यायला नव्हे, पात्र घ्यायला. आपली मुलं बारावी झाली की भारतात किंवा आणखी कुठं शिकायला जाणार. त्यांना कशाची भीती वाटते हे जेवणाच्या टेबलावर ती सांगणार नाहीत, पण पात्राच्या तोंडून सांगून जातील. ऐकायला कुणीतरी हवं.

दोन, पेटीतून राक्षस काढू नका. लहानांना विक्रम-वेताळ, मोठ्यांना धारप-मतकरी, अशी वयाप्रमाणे वाटणी जरूर करा. गावाकडच्या ज्या मुलानं दुष्काळ पाहिलाय, बापाचं कर्ज पाहिलंय, त्याला नुसत्या गुडीगुडी गोष्टी पाठवून काय सांगणार? राक्षस असतो हे त्याला ठाऊक आहे. त्याच्याशी कुणी झुंजलं, कुणी त्याला हसलं, कुणी पहाटेपर्यंत टिकलं, हे त्याला वाचायला मिळू दे.

तेव्हा मंडळी, हात जरा सैल सोडा आणि पेट्या भरून जाऊ द्या. राक्षसांसकट!