पक्ष्याचें छायाचित्र आणि परखड अभिप्राय

रानांतल्या पक्ष्यांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद आतां पुष्कळ घरांत शिरला आहे. हौशी गृहस्थ आपलें चित्र मित्रांपुढें ठेवतो, मित्र "वा, सुंदर!" म्हणतात आणि विषय तेथेंच संपतो. त्या स्तुतीनें मन सुखावतें. पण हात सुधारत नाहीं. म्हणून अभिप्राय द्यावा कसा व घ्यावा कसा, याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कुंपणाच्या मेंदींत बुलबुलानें घरटें केलें होतें. त्याचें छायाचित्र मीं मोठ्या अभिमानानें एका वयोवृद्ध पक्षिमित्रांस दाखविलें. ते म्हणाले, "डोळा रेखीव आला आहे, म्हणून पक्षी जिवंत वाटतो. परंतु तुम्ही उभ्यानें, वरून कॅमेरा रोखलात. पक्ष्याच्या उंचीवर या. शिवाय दुपारच्या उन्हानें डोक्याचा काळा रंग एकजीव झाला. तुऱ्याचीं पिसें वेगळीं दिसत नाहींत. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत काढा." मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "बुलबुल पानांच्या आडोशाला घरटें बांधतो. याच्यावर इतकें ऊन कसें?"

मीं दोन डहाळ्या दोऱ्यानें मागें ओढून बांधल्या होत्या, आणि त्या सोडण्यास विसरलों होतों. मला राग आला. अभिप्राय चित्रावर मागितला होता, दोऱ्यावर नव्हे! घरीं येऊन पाहतों तों घरट्यांतलीं तिन्ही अंडीं नाहींशीं झालेलीं. कावळ्यानें नेलीं कीं आणखी कोणी, तें मीं पाहिलें नाहीं. वाट मात्र मीं मोकळी करून दिली होती.

१८९५ सालीं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांचें पुस्तक काढणारे कीर्टन बंधु, पक्षी बिचकूं नये म्हणून बैलाच्या पोकळ सोंगांत लपून बसत. स्वतः अवघडून बसावें, पक्ष्यास अवघडवूं नये, हाच त्यांतला धडा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें हें 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येंतच घातलें आहे. बंदुकीवांचूनहि शिकार होते, ती अशी.

तेव्हां अभिप्राय देणारानें प्रथम काय साधलें तें सांगावें. नंतर एकदोनच दोष, पण उपायासह सांगावे. आणि शेवटीं, हें चित्र मिळविलें कसें, हें अवश्य विचारावें. ऐकणारानें लगेच सबबी पुढें करूं नयेत. उजेड कमी होता, वारा होता, हें सर्व खरें असेल. पण पाहणारास चित्र तेवढें दिसतें. एक रात्र जाऊं द्यावी, चित्र पुन्हा पाहावें, आणि मग उत्तर द्यावें. प्रश्न झोंबला, तर त्यांत तथ्य आहे काय, हें आधीं तपासावें.

घरट्यांचीं चित्रें मीं त्यानंतर काढलीं नाहींत. तें एक मात्र जपून ठेवलें आहे. तें पाहून कोणी "वा!" म्हणालें, कीं मी त्यास दोऱ्याची हकीकत सांगतों.