रुक्मिणी : आपल्या लेकीचे नाव



अकोला-अमरावतीच्या मंडळींनी एकत्र जमावे आणि रुक्मिणीचे स्मरण होऊ नये, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ती वऱ्हाडची लेक. वर्धेच्या तीरावरील कौंडिण्यपूर हेच भीष्मक राजाचे कुंडिनपूर, असे परंपरा सांगते. आणि अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, हे अमरावतीकर अभिमानाने सांगतात. आज तिच्या नावाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

‘रुक्म’ म्हणजे सोने. ऋग्वेदात मरुतांच्या वक्षःस्थळी झळकणाऱ्या अलंकारास ‘रुक्म’ म्हटले आहे. सुवर्णाने शोभणारी ती रुक्मिणी. शब्दाच्या मुळाशी ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे; ‘हे मला रुचत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तोच आपल्या जिभेवर असतो. जैनांच्या प्राकृत ग्रंथांत ती ‘रुप्पिणी’ झाली, तमिळ मुलखात ‘रुक्मणी’, पंढरीच्या वाटेवर ‘रखुमाई’. खेड्यापाड्यांतील ‘रुखमा’ तीच. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘रुच्’ आणि लॅटिन भाषेतील प्रकाशवाचक ‘लुक्स’ यांचे मूळ एकच. त्या ‘लुक्स’शी युरोपातील ‘लुसिया’, ‘लुसी’ ही नावे निगडित आहेत. म्हणजे आपली रुखमा आणि विलायतेची लुसी ह्या दूरच्या का होईना, बहिणीच ठरतात!

महानुभाव कवी नरेंद्राने १३ व्या शतकात आणि एकनाथमहाराजांनी १५७१ साली तिच्या स्वयंवरावर काव्ये रचिली. परंतु आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. ती द्वारकेची पट्टराणी झाली, तरी तिचे नाव पुसले गेले नाही. भागवतकार तर तिला ‘वैदर्भी’ म्हणतात; सासरी तिचे माहेरही तिच्यासवे राहिले. आजही आषाढीला कौंडिण्यपुराहून तिची पालखी पंढरपुरास जाते.

आपल्या घरी काय घडले? लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि बारशाचे नाव माहेरच्या उंबरठ्याशी राहिले. आम्ही आपल्या कुळाची वंशावळ लिहावयास बसलो. पुरुषांची सात पिढ्यांची नावे मिळाली. परंतु पणजीचे माहेरचे नाव सांगणारे एकही माणूस उरले नव्हते. जिच्या हातचे खाऊन घर वाढले, तिच्यापुरती जागा कोरी ठेवावी लागली. त्या कोऱ्या जागेची आम्हांस लाज वाटली.

म्हणून एवढीच विनंती. ज्ञातीच्या कुटुंबपुस्तिकेत प्रत्येक स्त्रीचे बारशाचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव लिहिले जावे. नाव बदलावे की राखावे, हे त्या मुलीने ठरवावे. ते विसरण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. घरी गेल्यावर आजीजवळ बसा, तिला तिचे पहिले नाव विचारा आणि लगोलग टिपून ठेवा. सोने घरातच आहे. ते मातीत जाऊ देऊ नका.