धुऱ्यावरची भाजी, मडक्यातलं बी

आम्ही नागपूरच्या धरमपेठेतल्या एका महिला गटाच्या बाया बोलतो आहोत. शहरातल्या बाया आपल्याला भाजी काय शिकवणार, असं तुम्ही म्हणाल, तर ते बरोबरच आहे. जे तुमच्यासारख्या बायांकडून शिकलो तेच सांगणार आहोत, आणि त्यासोबत एक मागणंही आहे.

आमच्या घरांपासून गोकुळपेठेचा बाजार चालत जाण्याएवढा जवळ. तिथे फुलकोबी आणि सिमला मिरची बारा महिने मिळते. पण पाऊस लागला की कडेला पोतं अंथरून खेड्यातल्या मावश्या बसतात. त्यांच्यापुढे तरोटा, कुंजर, अंबाडी, काटवल, कधी बांबूचे वास्ते, तर कधी वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्या. आमच्या लेकीसुनांना यातलं निम्मंही ओळखू येत नव्हतं. मग गटानं ठरवलं, दर आठवड्याला एक भाजी घ्यायची आणि विकणाऱ्या मावशीलाच विचारायचं, निवडायची कशी, शिजवायची कशी आणि खायची कधी नाही.

तरोटा घ्या. पश्चिम महाराष्ट्रात ह्यालाच टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतर उगवतो तेव्हा कोवळा असतो, तेव्हाच खायचा. पिवळं फूल आलं, शेंग धरली की पाला जून होतो. वास्ते असतील तर चिरून पाण्यात भिजवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकूनच द्यायचं, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. सात्यांबद्दल मावशी ठामपणे सांगतात, ओळखणारं माणूस सोबत नसेल तर हात लावू नका. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे वावरात चालता चालता जातं. वावरात जाणंच कमी झालं की ते तिथंच थांबतं.

आता आमचं मागणं. गेल्या पावसाळ्यात एका मावशीला विचारलं, तरोटा एवढासाच का आणला? त्या म्हणाल्या, "आता धुऱ्यावरही औषध मारतात." औषध म्हणजे तणनाशक. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे आम्हाला कळतं. निंदणाचं काम कमरेचं किती हाल करतं हे तुम्हाला सांगायची गरजच नाही. म्हणून फवारू नका असं आम्ही म्हणणार नाही. पण तरोटा, चिवळ, कुंजर हे कपाशीच्या दृष्टीनं तण असलं तरी घरच्या ताटात ती भाजी आहे, आणि विकली तर हातात येणारा पैसा बाईचा आहे. तो बाईचा असल्यामुळेच शेताच्या हिशोबात कुणी धरत नाही, असं आमचं मत आहे.

शिवाय धोका आहे. काही तणनाशकं मारल्यावर झाड चार-पाच दिवस हिरवंच दिसतं. ज्या बाईला फवारणी झाल्याचं माहीत नाही ती पदर भरून भाजी खुडून नेते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. तेव्हा एवढं तरी गटात बोला: वावराचा एक धुरा सोडायचा, तिथे फवारा न्यायचा नाही, वारा त्या बाजूला असेल तर त्या वेळी फवारायचंच नाही, आणि फवारलेल्या जागी काठीला चिंधी बांधायची, म्हणजे दुसऱ्या बाईला कळेल.

काटवलाची गोष्ट वेगळी. हे परसात लावता येतं. ह्याचा कंद जमिनीत राहतो आणि दर पावसाळ्यात फुटतो, म्हणून फळं तोडा, कंद उपटू नका. पण नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नुसता नर लावला तर फुलं येतील, फळ एकही नाही. मादी फुलाच्या खाली इवलंसं काटेरी फळ दिसतं, नराच्या खाली ते नसतं. बियांपासून लावलं तर फूल येईपर्यंत काहीच कळत नाही, म्हणून ओळखीच्या मादी वेलाचा कंद आणावा. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. आमच्यातल्या एकीनं गच्चीवर पिंपात दोन वेल चढवले आहेत, आणि मधमाशी आली नाही तर सकाळीच नर फूल मादी फुलाला हातानं लावून येते. शेजारी हसतात, पण भाजीच्या दिवशी वाटी घेऊन येतात.

आता बियाण्याचं. दरवर्षी पाकीट विकत घ्यायची सवय आपल्यालाही लागली आहे. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी निघत नाहीत, म्हणून धरायचं असेल तर देशी वाणाचंच. वाल, वांगं, भेंडी यांनी सुरुवात करा. सगळ्यांत निरोगी झाडाची चांगली फळं सुरुवातीलाच दोरा बांधून बाजूला ठेवायची, उरलीसुरली नाही. लवकी आणि दोडक्याचं बी धरताना जास्त काळजी हवी, कारण दुसऱ्या वेलाचे परागकण येऊन मिसळतात. आणि लवकी कडू लागली तर फेकून द्या, तिचं बीही ठेवू नका. कडू लवकीनं उलट्या, जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वालाचे आणि इतर भाज्यांचे गावरान वाण जमवून बियाणं बँक उभी केली, त्यात त्यांना बायफ संस्थेची साथ मिळाली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा पुरस्कार मोठा आहेच, पण आम्हाला त्यांची मडकी जास्त मोलाची वाटतात. बी उन्हात वाळवून, राख लावून, तोंड बंद करून ठेवलेली मडकी कुठल्याही घरात राहू शकतात. मडक्यावर वाणाचं नाव आणि कुणाच्या घरचं ते लिहा. मूठभर बी नेणारीनं पुढच्या हंगामात दोन मुठी परत द्यायच्या, असा हिशोब वहीत ठेवा.

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तुमच्या तालुक्यात कुठे आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना आधीच विचारा आणि गटातर्फे भाजी न्या. नेताना जुडीसोबत एक चिठ्ठी ठेवा: भाजीचं नाव, शिजवायची रीत, आणि "फवारलेली नाही". आम्ही घेणाऱ्या बाया ती चिठ्ठी आधी वाचतो.