पणजोबांचं गाव नकाशावर शोधताना

घराण्याचं मूळ शोधायला निघालात, तर आधी जिल्ह्याची हद्द तपासा. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, मग ते बुलढाण्यात आले. त्यामुळे पणजोबांच्या कागदावर ‘जिल्हा अकोला’ दिसलं, म्हणजे घराणं तिकडून आलं असं नाही. माणसं जागीच होती, हद्द सरकली!

वऱ्हाडात इंग्रजी अमलातली जमीन मोजणी १८६० च्या दशकात सुरू झाली. त्यातून गावोगावचे नकाशे तयार झाले. गावठाण, नाले, पांदण आणि प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर त्यांत दिसतो. मालकाचं नाव मात्र नकाशावर नसतं. नंबर घेऊन जुन्या हक्कनोंदीकडे जावं लागतं. पुढे जमिनींच्या एकत्रीकरणात बऱ्याच गावी सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. म्हणून आजचा सातबारा थेट जुन्या नकाशाला लावू नका, दोन्ही नंबर जुळवणारं पत्रक आधी मागा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की नकाशाची नक्कल मिळते.

आणि हो, गाव आजच्या यादीत सापडत नसेल, तर जुन्या नकाशावर ‘रिठी’, म्हणजे ओसाड पडलेली गावं बघा. वस्ती उठली तरी शिवाराचं नाव टिकतं, आणि कधीकधी तेच आपलं आडनाव असतं. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी पणजोबांच्या गावाचं कोतवाल बुक पाहा.