करून दाखवावे

आपल्या पळसदरीवरून घाट चढणारी आगगाडी पुण्याला जाते. पुढे दौंडच्या वाटेवर केडगाव लागते. तिथली गोष्ट आम्ही सांगतो.

पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या. पुष्कळांना राग आला. ‘पोरी बाटवतील’ असे लोक बोलत. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, निराधार मुली त्यांनी केडगावी आणल्या. त्यांना जेवू घातले, वाचायला शिकवले, विणकाम शिकवले. पुढे आंधळ्या बायकासुद्धा बोटांनी वाचू लागल्या. वाद मिटला नाही; पण पोरी जगल्या.

शेजाऱ्यावर प्रीती करा, असे येशूने सांगितले. बाईंनी ती करून दाखवली.

आपला धर्म कोणताही असो, शेजारी तो आपल्या वागण्यातच वाचतो. आपल्या आळीत आज कोण उपाशी आहे, बघू या ना!